कर्ता की करण? : पथकी नेमबाजीच्या खेळातील स्वातंत्र्याचा भास

व्हिडिओ गेम या सांस्कृतिक रूपाकडे पाहण्याच्या दोन रीती साहित्यचर्चेत रूढ झाल्या आहेत. पहिली रीत तुच्छतेची आहे. ती या खेळांना पोरखेळ समजते आणि समीक्षेच्या उंबऱ्याबाहेर ठेवते. दुसरी रीत उत्सवाची आहे. छापील संहितेचा वाचक निष्क्रिय होता, खेळाडू मात्र सक्रिय आहे; लेखकाचे अधिराज्य संपुष्टात आले असून ग्राहकच आता सहसर्जक झाला आहे, असे तिचे प्रतिपादन असते. पहिल्या रीतीचा प्रतिवाद करण्यात फारसे स्वारस्य नाही. काळाच्या ओघात ती आपोआप निष्प्रभ होत आहे. खरा धोका दुसऱ्या रीतीचा आहे. कारण ती सैद्धांतिक परिभाषेचा पेहराव करून येते आणि 'कृती' व 'कर्तृत्व' या दोन भिन्न गोष्टींची बेमालूम सरमिसळ करते. बोटांनी कळा दाबल्या म्हणजे मन स्वतंत्र झाले, असे मानण्याइतकी समीक्षा भाबडी असू नये.

या भाबडेपणाची तपासणी सर्वसाधारण विधानांच्या पातळीवर होऊ शकत नाही. त्यासाठी एखादी विशिष्ट कृती समोर ठेवावी लागते. 'स्टार वॉर्स : रिपब्लिक कमांडो' हा लुकास आर्ट्‌सने २००५ मध्ये एक्सबॉक्स आणि विंडोज संगणक यांसाठी काढलेला खेळ या दृष्टीने उपयुक्त आहे. २०२१ मध्ये तो नव्या यंत्रांसाठी पुन्हा उपलब्ध करण्यात आला, म्हणजे त्याचे आकर्षण ओसरलेले नाही. तो विज्ञानकल्पित युद्धाचा, प्रथमपुरुषी दृष्टिबिंदूचा आणि पथकाचा खेळ आहे. यांतील 'पथक' हा घटक येथे निर्णायक आहे. एकांड्या नेमबाजाच्या खेळात खेळाडू स्वतः गोळ्या झाडतो. पथकी खेळात तो गोळ्या झाडतोच, शिवाय हुकूमही सोडतो. म्हणजे कर्तृत्वाचा दावा येथे दुप्पट होतो. आणि म्हणूनच तो तपासण्याची जागाही हीच आहे.

खेळाची मांडणी थोडक्यात अशी. एकाच पुरुषाच्या पेशींपासून निपजवलेल्या असंख्य सैनिकांपैकी चौघांचे 'डेल्टा' हे पथक आहे. खेळाडूला ११३८ क्रमांकाच्या म्होरक्याची भूमिका मिळते. त्याचे टोपणनाव 'बॉस'. उरलेले तिघे म्हणजे 'फिक्सर', 'स्कॉर्च' आणि 'सेव्ह'. आरंभी या म्होरक्याची वाढ आणि तालीम त्याच्याच डोळ्यांतून दाखवली जाते. पुढे सारे जग शिरस्त्राणाच्या काचेतून दिसते. काचेच्या कडांवर प्रकृतीचे आणि दारूगोळ्याचे आकडे असतात, शत्रूचे रक्त काचेवर उडाले तर ते पुसलेही जाते. जिओनोसिस हा ग्रह, 'प्रॉसिक्यूटर' हे संपर्क तुटलेले युद्धजहाज आणि कॅशिक हा अरण्यग्रह अशा तीन टप्प्यांतून कथानक सरकते.

आता या खेळातील हुकमांचे व्याकरण पाहावे. पथकाला उद्देशून सर्वसाधारण हुकूम चारच आहेत : माझ्याभोवती एकत्र या, शत्रू शोधा आणि संपवा, अमुक जागा धरून ठेवा, हाती घेतलेले काम सोडा. याखेरीज प्रसंगनिष्ठ हुकूम आहेत. नेम धरण्याची खूण एखाद्या दरवाजावर, एखाद्या यंत्रावर किंवा आडोशाच्या जागेवर नेली की तेथे सैनिकाची प्रकाशरेखांनी काढलेली आकृती उमटते. कळ दाबताच तिघांपैकी एक जण तेथे जातो आणि दरवाजा सुरुंगाने उडवतो, यंत्राचे कुलूप भेदतो किंवा दुरून नेम धरून बसतो. एक कळ आणि अनेक क्रिया. ही योजना अत्यंत सुटसुटीत आहे, आणि खेळ म्हणून तिची वाखाणणी झाली ती रास्तच होती.

परंतु ही प्रकाशाची आकृती नेमके काय सांगते? ती सांगते की येथे उभा राहणारा सैनिक कोण असेल हा प्रश्न गौण आहे. जागा आधीच आखलेली आहे, तीत कोणाचे तरी शरीर ओतायचे आहे. आणि जागा आखली ती खेळाडूने नव्हे. दरवाजा कोठे फोडता येईल, नेमबाज कोठे बसेल, हे सारे आधीच लिहून झाले आहे. खेळाडू ते शोधतो आणि होकार भरतो. ज्याला तो 'योजना आखणे' समजतो, ते वस्तुतः दुसऱ्याच्या योजनेतील रिकाम्या जागा भरणे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट दिशेची आहे. सारे हुकूम खालच्या दिशेने जातात. वरच्या दिशेने पाठवता येईल असे एकही वाक्य खेळाडूजवळ नाही. मोहिमेचे आदेश कानात येत राहतात आणि ते पाळल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडत नाही. 'हे करणार नाही', 'हे का करायचे?', 'आधी जखमी माणसाला बाहेर काढू' या वाक्यांसाठी कोणतीही कळ नाही. खेळाची भाषा आज्ञार्थाने गजबजलेली आहे. वरिष्ठापुढे उच्चारायचा नकार मात्र तिच्या रूपावलीतच नाही. एखाद्या भाषेत नकाराचे रूपच नसेल, तर तीत दिलेल्या होकाराला संमती म्हणावे काय?

येथे भारतीय व्याकरणपरंपरेचा आधार घेणे उचित ठरेल. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना 'स्वातंत्र्य' हीच कसोटी धरली आहे. लगेच पुढच्या सूत्रात त्या स्वतंत्र कर्त्याला क्रियेला प्रवृत्त करणाऱ्याचा विचार येतो. त्याला 'हेतु' ही संज्ञाही मिळते. मराठीत 'तोडणे' आणि 'तोडवणे' या रूपांतील भेद या विचाराशीच निगडित आहे. सैनिक दरवाजा तोडतो; म्होरक्या सैनिकाकडून दरवाजा तोडवतो. म्होरक्या प्रयोजक, सैनिक प्रयोज्य. या मांडणीतील मर्म असे की ज्याच्याकडून क्रिया करवली जाते तोही कर्ताच राहतो. म्हणजे सांगितलेले न करण्याची शक्यता त्याच्या ठायी उरलेली असते. ती शक्यता नष्ट झाली की तो प्रयोज्य कर्ता राहत नाही. तो करण होतो, क्रियासिद्धीचे केवळ साधन होतो. कुऱ्हाडीला कोणी आज्ञा देत नाही. ती वापरली जाते.

या कसोटीवर डेल्टा पथकातील तिघे सैनिक करण ठरतात. त्यांना स्वभाव दिलेले आहेत, हे खरे. फिक्सर नियमांना चिकटून राहणारा, स्कॉर्च थट्टेखोर, सेव्ह रक्तपिपासू आणि तिरकस. चौघांच्या चिलखतांवरील रंगही निराळे : म्होरक्याचा नारिंगी, फिक्सरचा हिरवा, स्कॉर्चचा पिवळा, सेव्हचा लाल. म्होरक्याला तेमुएरा मॉरिसन या अभिनेत्याचा आवाज आहे. चित्रपटांत या सैनिकांचा मूळ पुरुष त्यानेच साकारला होता. तर्काने पाहता चौघांचाही आवाज एकच असायला हवा. परंतु तिघांना वेगवेगळ्या नटांचे आवाज देण्यात आले. व्यक्तित्व अशा रीतीने आवाजात आणि रंगात साठवले गेले. कृतीत मात्र त्याचा लवलेशही नाही. स्कॉर्च हा सुरुंगांचा तज्ज्ञ म्हणून ओळखला जातो, पण सुरुंग लावण्याचे काम तिघांपैकी कोणीही करतो. तज्ज्ञता संवादात आहे, रचनेत नाही. कादंबरीच्या समीक्षेत अशा पात्रचित्रणाला 'लेबल लावलेली पात्रे' म्हणून हिणवले गेले असते. खेळाच्या बाबतीत मात्र त्यालाच 'जिवंत सहकारी' म्हणून गौरवले जाते.

हे सैनिक कुरकुर करतात, टोमणे मारतात, एकमेकांनी मारलेल्या शत्रूंच्या संख्येवरून पैजा लावतात. पण पाय हुकमाबरोबर हलतात. कुरकुरीला मुभा आणि नकाराला मज्जाव ही कोणत्याही चिवट सत्ताव्यवस्थेची जुनी युक्ती आहे. हुकमाचा ताबेदार विनोदी असला की त्याची ताबेदारी डोळ्यांत खुपत नाही, एवढेच.

उत्सवी समीक्षेने या सर्वांकडे दुर्लक्ष कसे केले? त्याचे मूळ एका घाईच्या समीकरणात आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि १९७० च्या 'एस/झेड'मध्ये वाचकाला संहितेचा निर्माता करणाऱ्या लेखनाचा पुरस्कार केला. जॉर्ज लँडो यांनी १९९२ मध्ये 'हायपरटेक्स्ट' या ग्रंथात असे मांडले की उत्तरसंरचनावादाने जे सिद्धांतरूपाने सांगितले, ते संगणकीय संहितेत प्रत्यक्षात उतरत आहे. तेथून 'वाचक निवड करतो, म्हणून तो मुक्त आहे' या विधानापर्यंतचे अंतर फार नव्हते, आणि ते फारसा विचार न करता कापले गेले. वस्तुतः बार्थ यांचा वाचक अर्थाच्या पातळीवर निर्मिती करतो. खेळाडू घटनांच्या पातळीवर निवड करतो. घटनांच्या निवडी वाढल्या म्हणजे अर्थनिर्मितीचा अवकाश वाढतोच असे नाही. कित्येकदा तो आकसतो. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ च्या 'सायबरटेक्स्ट'मध्ये अशा संहितांचे लक्षण 'वाटचालीसाठी करावे लागणारे विशेष श्रम' असे सांगितले. हे लक्षण अधिक प्रामाणिक आहे. श्रम आणि स्वातंत्र्य हे समानार्थी शब्द नाहीत. वेठबिगारही श्रम करतोच.

'हा केवळ खेळ आहे, त्यावर इतका भार कशाला?' असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. २००४ मध्ये 'फुल स्पेक्ट्रम वॉरियर' हा पथकी खेळ प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू स्वतः एकही गोळी झाडत नाही. दोन तुकड्यांना हुकूम देणे एवढेच त्याचे काम. या खेळाचे मूळ अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणप्रकल्पात होते आणि लष्कराच्या पैशाने १९९९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात उभी राहिलेली संस्था त्यात सहभागी होती. तो घडवणाऱ्या पँडेमिक या स्टुडिओनेच त्याच वर्षी लुकास आर्ट्‌ससाठी 'स्टार वॉर्स'च्या विश्वातील दुसरा एक युद्धखेळ तयार केला. 'रिपब्लिक कमांडो' लष्कराने घडवला असे यावरून मुळीच सिद्ध होत नाही, आणि तसे सुचवणेही अन्यायाचे ठरेल. सिद्ध होते ते इतकेच, की पथकाला हुकूम देण्याचे हे व्याकरण मनोरंजनाचे साधन म्हणून जितके उपयोगी आहे तितकेच तालमीचे साधन म्हणूनही उपयोगी मानले गेले. लष्कराला जे कळले, ते समीक्षेला कळू नये हे नवल आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कादंबरीचा शेवट तरी वाचकाला कोठे बदलता येतो? मग खेळाकडूनच नकाराच्या कळेची अपेक्षा का धरावी? याचे उत्तर न. चिं. केळकर यांच्या 'सविकल्प समाधी'च्या कल्पनेतून मिळू शकते. १९२१ च्या बडोदे येथील अध्यक्षीय भाषणात मांडलेल्या या कल्पनेनुसार रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, तरी स्वतःचे भान गमावत नाही. विकल्प शिल्लक राहतो. कादंबरीच्या नायकाने खून केला तर वाचक त्याच्या मनात शिरूनही त्याच्या कृत्याबाहेर उभा राहू शकतो. त्याने पान उलटले म्हणून तो खुनात सहभागी होत नाही. कादंबरी वाचकाला कर्ता म्हणवत नाही. म्हणूनच त्याचे निर्णयस्वातंत्र्य अबाधित राहते. पथकी खेळ खेळाडूला कर्ता म्हणतो, त्याच्या हातांकडून संमती घेतो, आणि ती संमती मनाने विचार करण्याच्या आत घेतली जाते. गोळ्या सुटत असतात, आकृती उमटते, बोट कळेवर पडते. समाधी शिल्लक राहते, विकल्प उरत नाही. अपेक्षा खेळाकडून नकाराच्या कळेची नाही. अपेक्षा समीक्षेकडून आहे : जेथे विकल्प नाही तेथे कर्तृत्वाची पदवी तिने बहाल करू नये.

आणि तरीही हा खेळ निव्वळ फसवणूक आहे असे म्हणता येत नाही. त्याचा शेवट त्याला वेगळ्या पातळीवर नेतो. कॅशिकवरील अखेरच्या लढाईत चौघे वेगवेगळ्या तोफांवर विखुरलेले असतात. शत्रूचे जहाज पडते. त्याच वेळी सेव्ह संकटात असल्याचा आवाज येतो आणि संपर्क तुटतो. पथक त्याच्याकडे जाऊ पाहते. वरून माघारीचा हुकूम येतो. विरोधाचा सूर उमटतो आणि विरून जातो. सेव्हला तेथेच सोडून पथक निघते. त्याचे पुढे काय झाले हे खेळ सांगत नाही. या वेळी खेळाडूच्या हाती काहीही नसते. जी कळ आजवर प्रत्येक प्रसंगी काही ना काही घडवत आली, ती मुकी होते.

हा शेवट अपुरा आहे, पुढच्या भागाची जाहिरात आहे, अशी तक्रार झाली. व्यापारी हेतू असेलही. परंतु कलाकृतीचा अर्थ तिच्या हेतूने बांधलेला नसतो, हे समीक्षेला निराळे सांगण्याची गरज नाही. या क्षणी खेळ आपल्या व्याकरणाचे सत्य उघड करतो. इतका वेळ जो प्रयोजक होता, तोही कोणाच्या तरी हातातील करणच होता, हे खेळाडूला कळते. हात रिकामे होतात आणि म्हणूनच मन जागे होते. हरवलेला विकल्प परत येतो. खेळाडू प्रथमच सहृदयाच्या भूमिकेत जातो आणि एका रंगीत चिलखतासाठी त्याच्या मनात शोक उत्पन्न होतो. सहसर्जकाच्या सिद्धांताला हा क्षण समजावून सांगता येत नाही, कारण त्या सिद्धांताच्या दृष्टीने कळ मुकी होणे म्हणजे केवळ उणीव.

त्याच वर्षी आलेल्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ' या चित्रपटात एकाच हुकमासरशी हे सैनिक आपल्याच जेडाय सेनानींवर बंदुका रोखतात. हे कसे शक्य झाले, याची स्पष्टीकरणे कथाविश्वाला शोधावी लागली. २००२ च्या चित्रपटात सैनिकांच्या जनुकांत आज्ञाधारकपणा पेरल्याचे सांगितले होते. २०१४ मध्ये 'द क्लोन वॉर्स' या मालिकेने त्यांच्या मेंदूत बसवलेली चकती पुढे आणली. या स्पष्टीकरणांत एक सोय आहे : दोष जनुकाचा किंवा चकतीचा, माणसाचा नव्हे. 'रिपब्लिक कमांडो' खेळलेल्या माणसाला मात्र चकतीची गरज भासू नये. हुकूम, आकृती, कळ, शाबासकी, पुढचा दरवाजा या क्रमाने निरोगी, हसरा, सुशिक्षित माणूसही कसा सांगकाम्या होतो, हे त्याने स्वतःच्या बोटांनी अनुभवलेले असते.

निवडीचे स्वातंत्र्य देणारे खेळ नंतर आले, असे म्हणून हा प्रश्न टाळता येणार नाही. बायोवेअरच्या 'मास इफेक्ट' (२००७) या विज्ञानकल्पित पथकी खेळात व्हर्मायर ग्रहावर दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचवता येते. कोणाला, ते खेळाडू ठरवतो. या प्रसंगाचे नैतिक गांभीर्याचा नमुना म्हणून कौतुक होते. परंतु 'दोघांपैकी एकाला सोड' हा हुकूमच आहे. खेळाडूला नाव भरण्यापुरती मोकळीक आहे. 'कोणालाही सोडणार नाही' हे वाक्य येथेही उपलब्ध नाही. २०१२ मध्ये या मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या शेवटावरून चाहत्यांत क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी कंपनीने विस्तारित शेवट दिला. त्यात एक नवी शक्यता आली : समोर ठेवलेले सर्व पर्याय नाकारण्याची. नकाराचे रूप व्याकरणात दाखल झाले, पण त्याची किंमत सर्वनाश ठेवण्यात आली. नकार देणाऱ्याच्या पिढीची संस्कृती नष्ट होते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे रूप खेळाच्या आत कोणी निर्माण केले नाही. लोक खेळ थांबवून, कळ सोडून, सामान्य माणसांच्या भाषेत 'हे आम्हांला मान्य नाही' असे म्हणाले तेव्हा ते मिळाले. कर्तृत्व प्रकटले ते खेळाबाहेर.

यावरून समीक्षेचे काम स्पष्ट होते. खेळात पर्याय किती आहेत ही मोजदाद निरर्थक आहे. ती जाहिरातदारांनी करावी. अभ्यासकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : या खेळाच्या भाषेत कोणते वाक्य उच्चारताच येत नाही? ते वाक्य हाती लागले की खेळाची विचारसरणी हाती लागते. हाच प्रश्न कादंबरीला, नाटकाला, पाठ्यपुस्तकाला आणि विद्यापीठीय व्यवहारालाही विचारता येईल. नव्या माध्यमावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला 'सहसर्जक', 'मुक्त संहिता', 'विकेंद्रित लेखक' हे शब्द तयार मिळतात. प्रकाशरेखांच्या आकृतीप्रमाणे ते योग्य जागी उमटलेले असतात, आणि कळ दाबली की प्रकरण पूर्ण होते. सिद्धांताचाही असा हुकूम होऊ शकतो. पथकातील शिलेदार आणि सिद्धांतातील अभ्यासक यांच्यात फरक असेल तर तो एवढाच, की दुसऱ्याला नकाराची कळ अजून उपलब्ध आहे. ती वापरली नाही तर त्यालाही कर्ता म्हणण्याचे कारण उरणार नाही.